'द थिंग' (१९८२): मॅक्रेडीने क्लार्कला मारलं तो खूनच होता!

शंकेखोर

(धाग्यात शेवटापर्यंतचं सगळं फोडलंय. पाहिला नसेल तर आधी पाहून या, धागा कुठे जात नाही.)

जॉन कारपेंटरचा 'द थिंग' परवा पुन्हा पाहिला. ह्या सिनेमावर कुठेही बोलायला बसा, गाडी थेट शेवटच्या प्रसंगावर जाते. शेवटी उरलेले मॅक्रेडी आणि चाइल्ड्स, दोघांतला थिंग कोण? मला त्यात आता रस उरलेला नाही. मला खुपतो तो क्लार्क.

थोडक्यात आठवण करून देतो. अंटार्क्टिकावरचं अमेरिकी संशोधन केंद्र, बारा पुरुष, हिवाळा तोंडावर. नॉर्वेच्या तळावरून पळत आलेला कुत्रा हा कुत्रा नसून परग्रहावरचं काहीतरी असतं. ज्याला गिळेल त्याची हुबेहूब नक्कल करतं. कोण माणूस, कोण नक्कल हे कळेनासं झाल्यावर मॅक्रेडी (कर्ट रसेल) हातात डायनामाइट घेऊन सगळ्यांना वेठीला धरतो. एकेकाला बांधा, रक्त तपासायचंय म्हणतो. कुत्रे सांभाळणारा क्लार्क, फारसं न बोलणारा माणूस, मागून स्काल्पेल (शस्त्रक्रियेची सुरी) घेऊन त्याच्यावर झेप घेतो. मॅक्रेडी वळून सरळ डोक्यात गोळी घालतो.

पुढे तपासणीत क्लार्कचं रक्त माणसाचंच निघतं. चाइल्ड्स त्याच्या तोंडावर म्हणतो, म्हणजे तू खुनी झालास. मॅक्रेडी त्याला उत्तरसुद्धा देत नाही, पुढच्याचं रक्त घ्यायला लागतो.

माझं म्हणणं एवढंच की तो खून होता, आणि आपण प्रेक्षक चाळीस वर्षं तो माफ करत आलोय. का? कर्ट रसेलची दाढी छान आहे म्हणून. पटतंय का कुणाला?

खवीस

दाढी नाही हो, ती सोंब्रेरोछाप टोपी. ती टोपी घालून कुणी माझाही खून केला तर मी माफ करेन.

कायद्याचं बोला

नाही पटत. मागून धारदार हत्यार घेऊन अंगावर येणाऱ्याला मारणं हे स्वसंरक्षण. आपल्याकडे आयपीसीचं कलम १०० होतं, आता न्याय संहितेत ३८ झालंय. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. क्लार्कच्या हातात चमचा नव्हता.

मात्र खरी गंमत दुसरीच आहे. क्लार्क झेप घेतो त्या क्षणी मॅक्रेडी काय करत असतो ते आठवा. चाइल्ड्स म्हणालेला असतो की मला बांधायचं तर आधी मारावं लागेल, आणि मॅक्रेडी त्याच्यावर पिस्तूल रोखून उभा असतो. म्हणजे क्लार्क दुसऱ्याचा जीव वाचवायला धावला असं त्याचा वकील सांगू शकतो, आणि तोही हक्क कायद्यात आहेच. शिवाय ज्याने स्वतःच सशस्त्र वेठीला धरलंय त्याला स्वसंरक्षणाची सबब मिळते का? इथे मी कुठल्याही बाजूने वकीलपत्र घ्यायला तयार आहे. फी आगाऊ.

खवीस

आणि कोर्ट कुठलं? अंटार्क्टिका कुणाच्या बापाचं नाही ना?

कायद्याचं बोला

१९५९ चा अंटार्क्टिक करार आहे. देशांनी एकमेकांकडे पाठवलेले शास्त्रज्ञ आणि निरीक्षक तिथे आपापल्या देशाच्या कायद्याखाली राहतात. मॅक्रेडी हेलिकॉप्टर पायलट, शास्त्रज्ञ नव्हे, पण अमेरिकी नागरिक आहे आणि अमेरिकेच्या केंद्रावर आहे. खटला चाललाच तर तिकडेच. अर्थात साक्षीदार जिवंत हवेत.

रातराणी

शंकेखोर, मुद्दा चांगला काढलात, पण क्लार्क एकटा नाही. हा सिनेमा बघताना एक हिशोब करा: बंदुकीच्या गोळीने मरतं कोण?

पहिला मरतो तो नॉर्वेजियन. हेलिकॉप्टरमधून कुत्र्याच्या मागे आलेला, जीव तोडून ओरडणारा. तो नॉर्वेजियनमध्ये अगदी स्पष्ट सांगतोय की हे जनावर कुत्रा नाही, लांब व्हा. ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ती भाषा येत नाही. त्याची गोळी चुकून केंद्रातल्या बेनिंग्जच्या पायाला लागते आणि स्टेशनचा प्रमुख गॅरी खिडकीतून त्याला टिपतो. अख्ख्या सिनेमात सगळं खरं माहीत असलेला एकमेव माणूस पहिल्या दहा मिनिटांत, आणि तो मारला जातो माणसाच्या हातून. दुसरा क्लार्क. तोही माणूस.

थिंगला गोळ्यांनी काही होत नाही. ती मरते फक्त आगीने. म्हणजे कारपेंटरने शस्त्रंच वाटून दिलीत: बंदूक माणसांसाठी, आग राक्षसासाठी. गॅरीच्या गोळीबद्दल कुणी 'खुनी' म्हणत नाही, मग एकट्या मॅक्रेडीलाच का पकडायचं?

शंकेखोर

कारण गॅरीला निदान नंतर अपराधी वाटतं! रक्ताच्या पिशव्यांची नासधूस उघडकीला आल्यावर किल्ली त्याच्याकडे होती म्हणून सगळे संशयाने बघतात, तेव्हा तो स्वतः प्रमुखपद आणि पिस्तूल सोडून देतो. मॅक्रेडी कधी काही सोडतो का? सुरुवातीलाच बघा, कॉम्प्युटरशी बुद्धिबळात हरतो आणि ग्लासातली व्हिस्की त्या मशीनमध्ये ओततो. हरला की पट उधळणारा माणूस आहे तो.

रातराणी

ह्या सिनेमात बाईचं एकही पात्र नाही, आवाज आहे तो त्या बुद्धिबळाच्या मशीनचा (एड्रियन बार्बो, कारपेंटरची तेव्हाची बायको). तिलाही हा पाचव्या मिनिटाला दारू पाजून मारतो. खटल्यात हेही जोडा.

आजोबा५१

तुम्ही मंडळी ज्याला अभिजात म्हणताय तो आमच्या दृष्टीने दुसरा अवतार. मूळ १९५१ चा, 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड'. दिग्दर्शक म्हणून नाव ख्रिश्चन नायबीचं, निर्माता हॉवर्ड हॉक्स, आणि खरं दिग्दर्शन कुणी केलं ह्यावर अजून भांडणं चालतात. त्यात माणसं एकमेकांवर नाही, राक्षसावर धावतात. सगळे एकाच वेळी बोलतात, विनोद करतात, कॉफी पितात, आणि शेवटी विजेच्या झटक्याने त्याचा निकाल लावतात. कृष्णधवल, एक थेंब रक्त नाही, तरी दार उघडल्यावर तो समोर उभा दिसतो तेव्हा आजही दचकायला होतं. नंतरच्यात नुसती आतडी.

प्रोजेक्टरवाला

आजोबा, तुमचा सिनेमा मलाही आवडतो आणि कारपेंटरला तर इतका आवडायचा की त्याच्या १९७८ च्या 'हॅलोविन'मध्ये टीव्हीवर तोच लागलेला दिसतो. पण मूळ म्हणाल तर मूळ कथा जॉन कॅम्पबेलची, १९३८ सालची, आणि त्यात नक्कल करणारा प्राणी आहे, अंटार्क्टिका आहे, रक्ताची तपासणीही आहे. १९५१ वाल्यांनी उत्तर ध्रुवाकडे मुक्काम हलवला आणि नक्कल काढून टाकून एक उंचापुरा भाजीपाल्याचा राक्षस उभा केला. म्हणजे कथेशी इमान राखलं ते नंतरच्याने.

आतडी म्हणालात त्याबद्दल. ती करणारा रॉब बॉटिन तेव्हा जेमतेम बाविशीचा. वर्षभराहून जास्त काळ सुट्टी न घेता राबला आणि काम संपल्यावर थकव्याने इस्पितळात भरती झाला. पिंजऱ्यातला कुत्र्याचा प्रसंग तेवढा स्टॅन विन्स्टनच्या लोकांनी केला. केंद्रातल्या नॉरिसच्या छातीला जबडा फुटून डॉक्टर कॉपरचे हात तुटतात, तिथे खरोखर दोन्ही हात नसलेला माणूस वापरलाय आणि त्याला खोटे हात लावलेत. बाकी चिकट मालमसाला म्हणजे रबर, जेली, मेयोनेज, वितळवलेलं बबलगम. कॉम्प्युटरचा एक ठिपका नाही. २०११ च्या पूर्वकथेत हाताने बनवलेले राक्षस तयार असूनही त्यांच्यावर कॉम्प्युटरची पुटं चढवली, आणि तो सिनेमा आज कुणाच्या लक्षात आहे?

खवीस

मेयोनेज वाचल्यावर आजचा सँडविचचा बेत रद्द.

ओपीडी

डॉक्टरच्या नजरेतून एक तक्रार. केंद्रातला शास्त्रज्ञ फुक्स आधीच मॅक्रेडीला बजावतो की ह्या गोष्टीचा एक कणसुद्धा अख्ख्या शरीराचा ताबा घ्यायला पुरेल, तेव्हा प्रत्येकाने आपलं जेवण आपण करावं, डब्यातलंच खावं. इतका शहाणा सल्ला मिळूनही रक्त काढताना एकाच स्काल्पेलने एकामागून एक सगळ्यांचे अंगठे कापतात! पामरला (तो थिंगच निघतो) कापलेलं पातं पुढच्याच्या अंगठ्यात गेलं की तपासणीच साथ पसरवणार. आमच्याकडे शिकाऊ मुलाने हे केलं असतं तर त्या दिवशी त्याला वॉर्डात पाऊल टाकू दिलं नसतं.

तपासणीमागचा विचार मात्र अफलातून आहे. थिंगचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र जीव, स्वतःचा जीव वाचवणारा. म्हणून सांडलेलं रक्तही तापलेल्या तारेपासून पळणार. प्रयोगशाळा नको, सूक्ष्मदर्शक नको, तार आणि आग पुरे. आणि मॅक्रेडीच्या बाजूने एक गोष्ट नोंदवा: तो स्वतःचं रक्त सर्वांसमोर तपासतो. रेडिओ सांभाळणारा विंडोज झाला की लगेच त्याचाच नंबर.

वास्कोकर

ह्या धाग्यावर मला बोलायलाच हवं, कारण आमच्या गावचा अंटार्क्टिकाशी खरा संबंध आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्यातूनच निघाली, डिसेंबर १९८१ मध्ये, डॉ. कासिम ह्यांच्या नेतृत्वाखाली. एकवीस माणसं ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरली. म्हणजे हा सिनेमा अमेरिकेत लागायच्या जेमतेम साडेपाच महिने आधी. आणि जहाज कुठलं होतं? 'पोलर सर्कल', भाड्याने घेतलेलं. नॉर्वेचं!

खवीस

जहाजावर कुत्रा होता का ते आधी सांगा.

वास्कोकर

:) कुत्र्याचं सांगतो. आज तिथे कुत्रा दिसूच शकत नाही. १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनंतर (अंटार्क्टिक कराराला जोडलेले पर्यावरणाचे नियम) बाहेरचे प्राणी नेण्यावर बंदी आली आणि १९९४ पर्यंत शेवटचे स्लेज ओढणारे कुत्रेही हलवले. आता बर्फातून कुत्रा धावत आला तर नॉर्वेजियन येत नसलं तरी शंका घ्यायला जागा आहे.

ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आमच्या वास्कोतच, हेडलँड सड्यावर. माझ्या मामांचे एक मित्र भारताच्या तिथल्या 'मैत्री' केंद्रावर हिवाळा काढून आले होते. लहानपणी आम्ही त्यांना सारखं विचारायचो, तिथे भीती कशाची वाटते? आम्हाला थंडी, वादळ, भेगा असलं काहीतरी ऐकायचं असायचं. ते म्हणायचे, आग. हवा कमालीची कोरडी, पाणी म्हणजे आधी वितळवायचं प्रकरण, आणि राहतं घर जळलं तर जायला दुसरी जागा नाही. सिनेमात माणसं घरात फ्लेमथ्रोअर घेऊन हिंडताना दिसली की मला थिंगपेक्षा त्याचाच काटा येतो. शेवटी मॅक्रेडी सगळं केंद्र उडवून देतो तो प्रसंग त्यांना दाखवला असता तर खुर्चीतून उठले असते.

दुसरं, ते म्हणायचे की शेवटचं जहाज गेलं की पंचवीसेक माणसं आणि तोच जेवणाचा हॉल. कोण कसा चावतो, कोण कसा खोकतो, सगळं पाठ होतं. मे-जूनपर्यंत माणसं क्षुल्लक गोष्टींवरून अबोला धरतात. दोघं म्हणे लोणच्याच्या बरणीवरून महिनाभर बोलत नव्हते.

रातराणी

लोणच्याची बरणी! कुणी नॉर्वेजियन प्रीक्वेल काढलं, तुम्ही मराठी प्रीक्वेल काढा वास्कोकर. उष्टा चमचा घातलाय कुणी, बांधा सगळ्यांना.

प्रोजेक्टरवाला

वास्कोकरांच्या प्रतिसादाला जोड: दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकेच्या अमुंडसन-स्कॉट केंद्रावर फेब्रुवारीत शेवटचं विमान उडालं की हिवाळ्यासाठी मागे राहिलेली मंडळी एकत्र बसून हाच सिनेमा बघतात. रीतच पडलीये.

तेव्हा हा सिनेमा आपटला होता हे आज कुणाला खरं वाटत नाही. २५ जून १९८२ ला लागला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा 'ई.टी.' आलेला, परग्रहावरचं गोड पिल्लू, सगळी अमेरिका डोळे पुसत होती. त्याच दिवशी 'ब्लेड रनर'ही लागला, तोही आपटला. दीड कोटी डॉलर खर्च, अमेरिकेत कमाई दोन कोटींच्या आतच. समीक्षकांनी केरात काढला. एन्यो मॉरिकोनेच्या संगीताला तर त्या वर्षीच्या वाईट कामांच्या रॅझी पुरस्कारांत नामांकन! त्याच सिनेमासाठी केलेले आणि न वापरलेले त्याचे काही तुकडे २०१५ च्या 'द हेटफुल एट'मध्ये आले, आणि त्या सिनेमाच्या संगीताला ऑस्कर मिळालं. त्यातही बर्फ, बंद खोली, एकमेकांवर संशय, आणि कर्ट रसेल.

नवखी

मी पहिल्यांदाच पाहिला, धागा वाचून. मला शेवट कळला नाही. चाइल्ड्स थिंग आहे ना? त्याच्या तोंडातून वाफ येत नाही.

खवीस

झालं. आले शेवटावर.

प्रोजेक्टरवाला

नवखी, स्वागत. वाफेचा सिद्धांत टिकत नाही. बेनिंग्ज अर्धवट थिंग झालेला असताना बाहेर बर्फात ओरडतो, तेव्हा त्याच्या तोंडातून वाफ दिसते. चाइल्ड्सवर प्रकाश वेगळ्या बाजूने आहे, एवढंच. छायाचित्रकार डीन कंडी ह्यांनी डोळ्यांतल्या चमकेबद्दल सांगितलंय, म्हणजे माणूस असेल त्याच्या डोळ्यांत प्रकाशाचा बारीक ठिपका ठेवायचा. त्यावर लोक तासन्‌तास घालवतात. बाटलीत व्हिस्की नसून पेट्रोल होतं असाही एक पंथ आहे.

मला विचाराल तर तिथे उत्तर मुद्दाम ठेवलेलंच नाही. दोघंही थकलेत, दोघंही गोठणार आहेत.

ओपीडी

पण गोठणं हे थिंगच्या पथ्यावरच! ती आधीही बर्फात एक लाख वर्षं पडून होतीच की. यानाभोवतीच्या बर्फाचं वय नॉरिसच सांगतो. दोघं गोठून मेले तर माणूस मेला, थिंग फक्त झोपली. पुढच्या उन्हाळ्यात बचावपथक येणार आणि दोन्ही देह उबदार खोलीत नेणार. जीवशास्त्रज्ञ ब्लेअरच्या कॉम्प्युटरचा हिशोब आठवतोय ना? वस्तीपर्यंत पोचली तर २७,००० तासांत सगळी मानवजात. म्हणजे तीन वर्षं आणि वर एखादा महिना.

शंकेखोर

मंडळी, क्लार्क वाट बघतोय.

कायद्याचं बोला

आलो. रातराणींच्या 'गोळीने माणसंच मरतात' ह्या मुद्द्याला माझ्याकडून एक पुरवणी. विंडोजला का विसरता? पामर थिंग निघतो तेव्हा विंडोजच्या हातात फ्लेमथ्रोअर असतो, पण तो जागच्या जागी थिजतो. पामर त्याचं डोकं जबड्यात धरून हलवतो आणि फेकून देतो. थोड्या वेळाने विंडोज जमिनीवर तडफडत असताना मॅक्रेडी त्याला जाळतो. तो त्या क्षणी किती माणूस उरला होता? कुणी तपासलं नाही, वेळही नव्हता. क्लार्कच्या वेळी निदान त्याने हल्ला केला होता. विंडोजच्या वेळी काहीच नाही. शंकेखोर, तुम्ही चुकीचा खटला दाखल केलाय असं माझं मत.

शंकेखोर

विंडोजला मी ह्यात घेत नाही, कारण तिथे मॅक्रेडीकडे कारण आहे आणि ते आपल्या डोळ्यांसमोर घडलंय. थिंगने चावा घेतलेला माणूस जाळायचा हा नियम तिथल्या प्रत्येकाला मान्य होता. विंडोज स्वतः शुद्धीवर असता तर त्यानेही दुसऱ्या कुणाला तसंच जाळलं असतं.

क्लार्कचं तसं नाही. क्लार्कवर संशय का होता? पहिल्या संध्याकाळी तो कुत्रा त्याच्याजवळ होता म्हणून. कुत्र्यांवर माया करणारा माणूस, बस. कारपेंटर आपल्यालाही तिकडेच ढकलतो: तो कुणाच्या बोलण्यात नसतो, कोपऱ्यात उभा असतो, स्काल्पेल गुपचूप खिशात घालतो. आणि नॉरिस? प्रमुख व्हायला सांगितल्यावर 'मला जमणार नाही' म्हणून मागे सरणारा, सभ्य, सगळ्यांचा लाडका. तोच थिंग. पामर? गांजा ओढत विनोद करणारा. तोही थिंग. गंमत म्हणजे बर्फातलं यान बघायला मॅक्रेडीसोबत गेलेले दोघं हेच, आणि त्यांच्यावर कुणी बोट ठेवत नाही. बोट ठेवलं जातं ते घुम्या माणसावर.

चाइल्ड्स 'खुनी' म्हणतो आणि मॅक्रेडी गप्प राहतो, त्यावरून तो निर्लज्ज आहे असं मी म्हणत नाही. पण प्रेक्षकाने तरी ते गप्प राहणं विसरू नये.

रातराणी

हे पटलं. तरी शिक्षा देणार नाही मी त्याला.

आजोबा५१

१९५१ च्यात राक्षसाशी बोलायला गेलेल्या शास्त्रज्ञाला एक फटका बसतो आणि कॉलरबोन मोडतं. शेवटी पत्रकार रेडिओवर जगाला सांगतो की आकाशाकडे लक्ष ठेवा. खटला नाही, रक्त नाही. सुटसुटीत.

नवखी

मला एक प्रामाणिक शंका. मॅक्रेडीचे फाटलेले कपडे भट्टीत सापडले म्हणून स्वयंपाकी नॉल्स त्याची दोरी कापून बर्फात सोडून आला होता ना? म्हणजे त्याच रात्री आधी बाकीच्यांनी मॅक्रेडीला मरायला सोडलं होतं. तेही चुकीच्या संशयावरून. त्याचा खटला कुणावर?

कायद्याचं बोला

नवखी, तुम्ही वकिली शिकताय का? नसाल तर विचार करा. खुनाचा प्रयत्न, सामायिक इरादा. दार उघडू नका म्हणणारे सगळे आरोपी.

शंकेखोर

आता प्रकरण खरंच गुंतलं. तरी माझी तक्रार मागे घेत नाही.

प्रोजेक्टरवाला

शनिवारी रात्री सगळ्यांनी एकाच वेळी लावून व्हिडिओ कॉलवर बघूया का? क्लार्कच्या प्रसंगापाशी थांबवून वाद घालू.

खवीस

चालेल. ज्याचा कॅमेरा बंद, तो थिंग.

वास्कोकर

आमच्याकडे शनिवारी हमखास वीज जाते, आत्ताच सांगून ठेवतो.

खवीस

तार तापवायला घ्या रे.